रात्रीचे ६८० मिली: मणक्याच्या दुखापतीनंतर शाळेत परतलेल्या एका बाईंचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एकीचं नाही. मणक्याला मार लागलेल्या अनेकांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हा नमुना मांडला आहे. लिहिताना सोपं जावं म्हणून तिला ‘बाई’ म्हणू. वय ३८, सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि शिडीवरून पडल्या. पाठीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूला पूर्ण इजा झाली. हात पूर्ण चांगले, बसताना तोल बऱ्यापैकी राहतो, पण कमरेखाली हालचालही नाही आणि स्पर्शही कळत नाही. ऑपरेशन झालं, व्हीलचेअर आली. पाच महिन्यांनी लघवीसाठी मूत्राशयात बसवलेली कायमची नळी काढली आणि तिथून पुढे डायपर.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या कलम २०(४) प्रमाणे, नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कुणाला कामावरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. म्हणजे नोकरी शाबूत होती. बाई शाळेत जात नव्हत्या त्या दोनच भीतींपायी: वर्गात ओलं झालं तर, आणि वास आला तर.

सुरुवातीची स्थिती

दिवसाला चार डायपर लागत. एक डायपर ३० ते ५० रुपयांना धरला तरी महिन्याला साडेतीन ते सहा हजारांचा खर्च. गळू नये म्हणून पाणी जेमतेम. “पाणीच कमी पी, म्हणजे प्रश्न मिटला,” हा मिस्टरांचा सल्ला, आणि बाईंनाही तो पटलेला. आठ महिन्यांत थंडी वाजून तीनदा ताप आला होता. बसायच्या हाडावर डाव्या बाजूला रुपयाएवढा लाल डाग होता, दाबला तरी पांढरा न पडणारा. दाबल्यावर पांढरा न होणारा डाग म्हणजे दाबजखमेची पहिली पायरी. त्यामुळे लघवीच्याही आधी त्याची दखल घ्यावी लागली: डाग जाईपर्यंत त्या बाजूवर बसणं बंद.

घरच्यांचा समज असा की डायपर भरतोय, म्हणजे लघवी होतेय. तसं होत नव्हतं. इजा या पातळीवर असली की मूत्राशय मेंदूचं ऐकत नाही, पण स्वतःहून आवळतं. गंमत अशी की त्याच वेळी खालचा गोल स्नायूही आवळतो, जो खरं तर सैल पडायला हवा. दोघं एकमेकांविरुद्ध जोर लावतात. थोडी लघवी बाहेर पडते, बाकीची आतच राहते आणि दाब उलटा किडनीकडे जातो. डायपर नुकताच भिजलेला असताना सोनोग्राफी केली, तर आत २८० मिली शिल्लक होती. ताप पुन्हा पुन्हा का येतो याचं उत्तर तिथंच मिळालं. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, आणि पाणी कमी प्यायल्याने ते धुतलेही जात नाहीत.

अशा माणसाच्या हातात जास्त जाड डायपर देणं म्हणजे प्रश्न झाकून ठेवणं. मूत्राशय वेळेवर पूर्ण रिकामं करणं हे पहिलं काम, आणि ओलं न होणं हा त्याचा परिणाम. युरोलॉजिस्टनी मूत्राशयातल्या दाबाची तपासणी केली. आवळणं कमी करणारी सॉलिफेनॅसिन ५ मिग्रॅची रोजची गोळी सुरू झाली आणि ठराविक वेळाने नळी घालून लघवी काढायचं ठरलं. दवाखान्यात याला सीआयसी म्हणतात.

नळी शिकताना

घरी ऑपरेशन थिएटरसारखी स्वच्छता कशी ठेवायची, हा सासूबाईंचा पहिला प्रश्न. तशी गरज नाही. अमेरिकेतले युरोलॉजिस्ट जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्येच दाखवून दिलं की हात आणि नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली, तरी चालतं. वेळेवर रिकामं होणं जास्त महत्त्वाचं. तुंबलेलं, ताणलेलं मूत्राशय जंतूंना लवकर बळी पडतं.

नळी १२ नंबरची साधी नेलाटन (सरळ, लघवी काढून लगेच बाहेर घ्यायची), मागचं टोक पांढऱ्या रंगाचं. बायकांसाठी आखूड नळी मिळते, पण व्हीलचेअरवर बसणाऱ्या बाईने पुरुषांची ४० सेंटीमीटरची लांब नळीच घ्यावी. मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा, त्यामुळे आखूड नळीचं टोक सीटवरच राहतं आणि सगळं कपड्यांवर. लांब नळी कमोडपर्यंत पोचते, नाहीतर तिच्या मागच्या टोकाला दोन लिटरची युरोबॅग, म्हणजे लघवी साठवायची पिशवी, जोडता येते. ही एक युक्ती कळली की शाळेतल्या आणि प्रवासातल्या निम्म्या अडचणी सुटतात.

पहिले काही दिवस पलंगावर, पाठीला उशा लावून, पाय बेडकासारखे बाजूला पसरून. मांड्यांमध्ये छोटा उभा आरसा. साबणाने हात धुवायचे, ओल्या कापडाने पुढून मागे असं पुसायचं, मागून पुढे कधीच नाही, कारण शौचाच्या जागेचे जंतू पुढे येतात. नळीच्या टोकाला पाण्यात विरघळणारी जेली. संवेदना नसेल तर भूल देणारी महागडी जेली लागत नाही. तेल किंवा व्हॅसलीन तर नकोच. एका हाताच्या दोन बोटांनी योनीचे ओठ दूर करायचे आणि योनिमुखाच्या थोडं वर दिसणाऱ्या बारीक छिद्रात नळी सरकवायची. पाच-सहा सेंटीमीटर आत गेली की लघवी येते. त्यानंतर आणखी दोन सेंटीमीटर पुढे ढकलून थांबायचं.

बाईंची नळी सुरुवातीला वारंवार योनिमार्गात जायची. लघवी येत नाही म्हणून ती बाहेर काढून तीच पुन्हा वापरली की जंतू थेट मूत्राशयात. त्यापेक्षा चुकीच्या जागी गेलेली नळी तिथेच राहू द्यायची, म्हणजे चुकीचं दार बंद होतं. मग नवी नळी तिच्या वरच्या बाजूला घालायची. पुढे आरसाही सुटला. योनिमुखावर तर्जनी ठेवली की त्याच्या वर नळी कुठे जायला हवी ते बोटाला कळतं.

धार थांबली म्हणजे संपलं असं नाही. तळहाताने ओटीपोटावर हलकं दाबायचं, नळी अर्धा-अर्धा सेंटीमीटर मागे घ्यायची, मध्ये पुन्हा धार आली तर थांबायचं. घाईघाईत ओढली की तळाला पन्नास-साठ मिली उरते. शेवटी नळीचं टोक चिमटीत धरून बाहेर, नाहीतर आतलं पाणी मांडीवर सांडतं.

नळी एकदाच वापरून टाकावी, हा सल्ला योग्यच आहे. पण दिवसाला पाच-सहा नळ्या रोज विकत घेणं किती घरांना झेपतं, हेही खरं. बाईंनी डॉक्टरांना विचारून घरात धुतलेली आणि बाहेर कोरी अशी वाटणी केली. वापरल्याबरोबर नळाखाली धरायची, २० मिलीच्या सिरिंजने साबणाचं पाणी दोनदा आणि साधं पाणी तीनदा आरपार सोडायचं. मग सिरिंजने हवा मारून, स्वच्छ दोरीला लटकवून पूर्ण वाळवायची आणि झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवायची. ओल्या नळ्या डब्यात बंद करणं ही सगळ्यात सर्रास चूक. दुसरी, डेटॉल किंवा सॅव्हलॉनच्या पाण्यात बुडवून ठेवणं. ते रसायन मूत्रमार्गाला लागतं. नळी कडक, खरखरीत किंवा पिवळी पडली की फेकायची.

वहीत काय सापडलं

बाईंना तीन दिवस सगळं लिहायला सांगितलं: किती प्यायल्या, किती निघाली, कधी ओलं झालं. पेल्यात २०० मिली मावतं की २५०, हे आधी मापून घेतलं. ओल्या पॅडमधली लघवी मोजायला स्वयंपाकघरातला वजनकाटा कामी आला: ओल्या पॅडच्या वजनातून कोऱ्याचं वजन वजा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली.

एका दिवसाची नोंद अशी. पिणं एकूण १४०० मिली. सकाळी ६ वाजता नळीने ६८०, शिवाय पॅडमध्ये १५०. सव्वादहाला २१०, पावणेदोनला १४०, सव्वापाचला १२०, रात्री पावणेदहाला १९०. म्हणजे चोवीस तासांत १४९० मिली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त रात्रीच्या आठ तासांत. एका वेळी ४०० ते ५०० मिलीच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा नियम दिवसभर पाळला जात होता आणि झोपेत मोडत होता.

संध्याकाळी पाणी जास्त होतंय असं कुणालाही वाटेल. पण सातनंतर बाई पाव पेलाच पीत होत्या. खरं कारण पायांत होतं. दिवसभर खुर्चीत बसल्यावर पोटऱ्यांचे स्नायू चालत नाहीत, रक्तातलं पाणी पायांत उतरून साचतं. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा. रात्री आडवं झालं की ते पाणी रक्तात परततं आणि किडनी ते बाहेर टाकते. प्यायलेलं पाणी दिवसाचं, लघवी रात्रीची, असा उलटा हिशोब.

त्यावर उपाय केला तो पाण्यावर नाही, पायांवर. शाळेतून आल्यावर साडेपाच ते सात, पायाखाली दोन उशा घेऊन आडवं पडायचं. वह्या तपासायला तीच वेळ ठरली. पायातलं पाणी संध्याकाळीच उतरतं, आणि पावणेआठला नळीची एक जादा वेळ ठेवली की ते जागेपणीच बाहेर पडतं. दिवसा गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे, पण रोज काढून टाच, घोटा आणि बोटं बघायची. मोज्याची घडी रुतलेली बाईंना कळणार नाही. उठताना पाय सुजलेले नसताना घातले तरच मोज्यांचा उपयोग.

दुसरा बदल पिण्याच्या वाटणीचा. एकूण प्रमाण १४०० वरून १९०० मिलीपर्यंत वाढवलं, पण सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेचार या वेळात, तासाला साधारण एक पेला. तहान लागली म्हणून तांब्याभर पाणी एकदम प्यायलं की दीड-दोन तासांत मूत्राशय भरून वेळापत्रक कोलमडतं. रात्रीच्या जेवणात आमटी, ताक, कढी, कलिंगड हेही पाणीच धरायचं. पातळ आमटी दुपारच्या डब्यात, रात्री भाकरी आणि कोरडी भाजी.

काही आठवड्यांनी तीच वही अशी दिसत होती: सकाळी ६ ला ४३०, सव्वादहाला ३४०, पावणेदोनला ३५०, सव्वापाचला ३२०, पावणेआठला ३००, सव्वादहाला २६०. पॅड कोरडं. मधल्या काळात रात्री दोनचा गजर लावावा लागला होता, तो बंद झाला.

बारा वाजताचं गळणं

रात्र सुटली, तरी आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी बाराच्या सुमाराला पॅड ओलं व्हायचं. त्या वेळी नळी घातली तर आत जेमतेम १८० मिली. एवढ्यावर गळायला नको. चहा कमी करून बघितला, फरक नाही. मग वहीत शौचाच्या नोंदी लघवीच्या नोंदींशेजारी मांडल्या, तेव्हा उलगडा झाला: गळणं त्याच दिवशी होतं, ज्याच्या आदल्या दोन दिवसांत पोट साफ झालेलं नसतं. भरलेलं मोठं आतडं मूत्राशयाला मागून दाबतं. त्यात सॉलिफेनॅसिनने बद्धकोष्ठ वाढतो. म्हणजे लघवीसाठी दिलेली गोळी आतड्याच्या वाटेने लघवीचाच त्रास करत होती.

बाई रोज रात्री जुलाबाचं चूर्ण घेत. त्याने कधी काहीच नाही, कधी एकदम पातळ, आणि वेळ कुणाच्या हातात नाही. एकदा पातळ होतंय म्हणून जुलाब थांबवायची गोळी घेतली आणि पोट आणखी फुगलं. अडकलेल्या कडक मळाच्या बाजूने पातळ मळ झिरपतो, तो जुलाब नव्हे. आधी पोट तपासून घेतलं पाहिजे.

नवी पद्धत एक दिवसाआड, पहाटेची. साडेपाचला गरम चहा आणि दोन बिस्किटं, कारण पोटात काही गेलं की आतडं आपोआप हलतं. वीस मिनिटांनी डाव्या कुशीवर झोपून हातमोजा घालून बिसाकोडिल १० मिग्रॅची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायची गोळी. ती आतड्याच्या भिंतीला लागली पाहिजे. मळात खुपसली तर विरघळते आणि काहीच करत नाही, म्हणून आधी वाटेतला मळ बोटाने काढायचा. पंधरा मिनिटांनी कमोड-चेअरवर. जेली लावलेलं बोट दोन-तीन सेंटीमीटर आत घालून हळू गोल फिरवायचं, पंधरा-वीस सेकंद, मग पाच-सात मिनिटं थांबून पुन्हा. आतलं स्नायूचं कडं सैल पडल्याचं बोटाला जाणवतं. बोट फिरवूनही दोनदा काहीच आलं नाही की पोट साफ झालं असं समजायचं. नखं कापलेली हवीत, अंगठी काढलेली.

कमोडवर अर्ध्या तासापेक्षा जास्त बसायचं नाही आणि सीट मऊ हवी. कडक प्लास्टिकच्या भोकावर बसून जखम झालेली माणसं कमी नाहीत. खाण्यात ज्वारीची भाकरी होतीच. मटकीची उसळ, पेरू आणि रात्री एक चमचा इसबगोल वाढवलं. इसबगोल पाण्याशिवाय घेतलं तर उलट घट्ट गोळा होतो, म्हणून त्याचा पेला रात्रीच्या हिशोबात धरला. काही बदललं की तीन-चार खेपा जाऊ द्यायच्या, मगच पुढचं बदलायचं. नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

ही सगळी रीत ज्यांच्या आतड्याची आपोआप आवळायची क्रिया शाबूत आहे, त्यांच्यासाठी आहे. इजा मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाला असेल तर बोट फिरवून उपयोग होत नाही, मळ हातानेच काढावा लागतो आणि तो थोडा घट्ट ठेवावा लागतो. उलट इजा पाठीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर भरलेलं मूत्राशय किंवा आतड्यातलं बोटही रक्तदाब एकदम वर नेऊ शकतं. डोकं ठणकायला लागलं की रुग्णाला ताबडतोब उठवून बसवायचं, मूत्राशय रिकामं करायचं आणि डॉक्टर गाठायचे.

कपडे, पॅड, कातडी

दिवसा डायपरची जागा साध्या पॅडने घेतली, तीही विमा म्हणून. चड्डीसारखा ओढायचा डायपर खुर्चीत बसणाऱ्याच्या कामाचा नाही: बदलायला बूट, सलवार सगळं काढून आडवं व्हावं लागतं. ताणल्या जाणाऱ्या चड्डीत ठेवलेलं पॅड बसल्या जागी बदलता येतं. एकावर एक दोन पॅड ठेवून काही होत नाही, वरच्याच्या प्लास्टिकमधून खाली काही झिरपत नाही. टाल्कम पावडर ओली होऊन गोळे होतात. त्याऐवजी कातडीला झिंकचं मलम पातळ पसरायचं. जाड थापलं तर पॅडची जाळी बुजते.

गादीवर रेक्झिन टाकायची सासूबाईंची सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. रेक्झिनने गादी वाचते, पण घाम साचतो, घड्या पडतात आणि दाब कमी करणाऱ्या गादीचा उपयोग निघून जातो. त्याऐवजी धुता येणारी कव्हरं दोन. साडीसाठी वेल्क्रोचा परकर आणि शिवलेल्या निऱ्या. सलवारीला मध्ये लांब चेन. मागच्या जाड शिवणी काढून टाकल्या, कारण त्या नेमक्या बसायच्या हाडाखाली येत होत्या. पाळीच्या दिवसांत कप वापरला तर तो मूत्रमार्गाला मागून दाबतो आणि नळी अडते, म्हणून तेव्हा पॅडच.

वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून वेगळं द्यायचं. पुण्यात कचरावेचकांनी त्या पुडक्यावर लाल ठिपका काढायची पद्धत सुरू केली. उघडून बघायची वेळ कुणावर येऊ नये यासाठी ती कुठल्याही गावात चालेल.

मोरी आणि शाळा

घरातल्या मोरीचं दार २६ इंचांचं, व्हीलचेअर साधारण तेवढीच रुंद. दार आत उघडत होतं, ते बाहेर उघडणारं केलं आणि आत जायला अरुंद, चाकांची कमोड-चेअर घेतली. तीन इंचांच्या उंबऱ्याला तीन फुटांचा उतार. गीझरचं पाणी आधी कोपराने तपासायचं, पायांना चटका कळत नाही.

शाळेत दिव्यांग मुलांसाठी बांधलेलं स्वच्छतागृह होतं, कुलूपबंद, आत खेळाचं साहित्य आणि जुनी बाकं. मुख्याध्यापकांनी ते रिकामं करून दिलं, आतून कडी लावून घेतली. तिथे बाई खुर्चीतून उतरत नाहीत. सीटच्या पुढच्या कडेवर सरकायचं, एक पाय कमोडच्या कडेला टेकवायचा, लांब नळी, युरोबॅग, दहा-बारा मिनिटांत बाहेर. पिशवीत दोन कोऱ्या नळ्या, जेलीची छोटी ट्यूब, ओले रुमाल, एक पॅड, एक सलवार, दोन प्लास्टिक पिशव्या. पावणेदोनच्या नळीसाठी मधली सुट्टी पुरत नव्हती, म्हणून पुढचा तास चित्रकलेचा लावून घेतला. सोलापूरला जाताना एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहाच्या भरवशावर राहायचं नाही: निघताना नळी, पोचल्यावर नळी, तीन तासांहून लांबचा प्रवास असेल तर गाडी करायची आणि मागच्या सीटवर चादर धरून युरोबॅग.

जंतुसंसर्ग

दर महिन्याला कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी) करायचं आणि जंतू दिसले की अँटिबायोटिक, हा जुना क्रम बंद केला. रोज नळी घालणाऱ्याच्या लघवीत जंतू असतातच. लक्षण नसताना औषध दिलं की फक्त औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरतात. बाईंनी बघायचं ते एवढंच: ताप-थंडी, पायांतले आचके अचानक वाढणं, दोन नळ्यांच्या मध्ये नव्याने गळणं, लघवीत रक्त. यातलं काही दिसलं तर आधी नमुना, मग औषध. नुसता वास किंवा गढूळपणा असेल तर एक-दोन दिवस पाणी वाढवून आणि वेळा जवळ आणून बघायचं.

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात हेच वेळापत्रक चालत नाही. इजेच्या खाली घाम येत नाही, वरच्या अंगाला जास्त येतो, पारा ४२ च्या वर जातो आणि १९०० मिली पाणी कमी पडतं. शाळा सकाळची होते. तेव्हा वही पुन्हा तीन दिवस लिहायची आणि वेळा नव्याने बसवायच्या. सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायची रक्ततपासणी) वर्षातून एकदा. गोळी असूनही मूत्राशयातला दाब पुढच्या तपासणीत वाढलेला निघाला, तर स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनची २०० युनिट इंजेक्शनं मूत्राशयाच्या भिंतीत द्यायचा विचार आहे; परिणाम साधारण सहा ते नऊ महिने टिकतो आणि नळी तेव्हाही घालावीच लागते.